वखारीतला ओला कापूस

मी आज जो काही आहे, तो पुंजामायमुळे. ती माझ्या नात्यातली नव्हती. अकोल्याच्या जुन्या शहरात एका अडत्याची वखार होती, तिथे ती कापूस निवडायला येत असे.

अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेच्या मागणीमुळे कापूस एवढा महागला होता, की लोक घरच्या गाद्या उसवून विकत होते. माझे मामा त्या वखारीचे राखणदार होते. शाळेसाठी मी खेड्यातून त्यांच्याकडे येऊन राहिलो होतो. आठ वर्षांचा झालो तरी माझे अंथरूण रोज ओले होई. अंगाला वास येई, म्हणून शाळेत माझ्याजवळ कोणी बसत नसे. मामांनी बजावले होते, "आता एकडाव जरी झालं, तं गावाले धाडून देईन." गावाला गेलो की शाळा संपलीच. मी दिवस मावळल्यावर पाण्याला शिवत नसे. निजताना कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेला हात जोडी. सकाळी गोधडी ओलीच असे; मामांच्या नकळत मी ती वाळवी. देवीला माझे ऐकूच जात नाही, असे मला वाटू लागले होते.

कार्तिकातल्या एका पहाटे गोधडी भिजलेली पाहून मी ती लपवली आणि थंडीने कुडकुडत कापसाच्या ढिगात शिरलो. तिथे पुन्हा डोळा लागला आणि तिथेही तेच झाले.

त्या काळी वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणारे पुष्कळ होते. सकाळी खरेदीदाराच्या माणसाने ढिगात हात घातला आणि तो ओरडला, "अबे, कापूस विकून राहिले का पानी? पानी तं मोर्णा नदीत फुकट भेटते!"

अडत्या मामांवर धावून गेला. "राखन करत होता का न्हाऊन राहिला होता रे?"

मामा हात जोडून उभे होते. खरेदीदाराच्या माणसाने आपला हात नाकाकडे नेला असता, तर सारे उघडे पडले असते. मी खांबाला धरून उभा होतो. तेवढ्यात माझ्या ओल्या कपड्यांकडे एकदा पाहून पुंजामाय पुढे आली.

"मालक, त्याले काहून बोलता? माह्या हातून घागर लवंडली."

अडत्याने चारचौघांत तिला लबाड म्हटले आणि त्याच क्षणी कामावरून काढले. जाताना ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "भिऊ नको, बाबू. माह्या पोराचंबी असंच होतं, मोठा झाला अन् गेलं. झोपेत मानूस कोनाच्या हाती असते? देवाच्याच ना?"

तेव्हाही मी खांब सोडून पुढे झालो नाही. ती मोर्णेच्या दिशेने निघून गेली. त्यानंतर वखारीत माझ्याशी मायेने बोलणारे कोणी उरले नाही.

त्याच दिवशी आई कौंडण्यपूरच्या यात्रेत माझ्यासाठी रुक्मिणीची ओटी भरत होती, हे मला पुढे कळले. देवीनेच पुंजामायला पुढे केले, असे आई म्हणे; यावर मी वाद घालत नाही. अंथरूण कोरडे व्हायला आणखी वर्ष गेले; तोवर गोधडी मी चोरून वाळवत राहिलो. मात्र त्या दिवसापासून मी देवीला काही मागितले नाही; निजताना फक्त 'तुझ्या हाती आहे' म्हणे, आणि झोप शांत लागे.

बी. ए. झालो, अमरावतीला शिक्षक झालो. पुंजामायच्या गावाचा पत्ता फार उशिरा लागला. तिला धाडलेले पत्र असे:

"तीर्थरूप पुंजामायला साष्टांग नमस्कार. वखारीतल्या राखणदाराचा भाचा मी. माय, तुझ्यामुळे शिकलो. आमच्या वसतिगृहात एक मुलगा रोज पहाटे गोधडी लपवतो. काल मी त्याला तुझेच शब्द सांगितले आणि त्याची गोधडी माझ्या हाताने वाळत घातली. तुला वाचता येत नाही, म्हणून गावच्या मास्तरांना विनंती, की त्यांनी एवढे चावडीवर, लोक जमवून, मोठ्याने वाचावे: पुंजाबाईच्या हातून घागर लवंडली नव्हती. तो कापूस मी ओला केला होता."