एकमतातून एक वजा

"शनिवार, ७ मार्च २०२६. सकाळी नळाला पाणी कमी दाबानं आलं. अर्धापूरची केळी घेतली, अजून कच्ची आहेत. दुपारी ज्येष्ठ नागरिक संघाची सभा. छापील पत्रिकेत ठरावाची अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. मला कुणी विचारलेलं नाही."

गोदावरीबाईंनी वही मिटली आणि कडक इस्त्रीची साडी नेसून त्या निघाल्या.

लातूरकडच्या एका निवृत्त जनरलांना राष्ट्रपतिपदाची उमेदवारी मिळावी, असा ठराव होता. लातूरच्या संघाने तो एकमताने केला होता. नांदेडच्या या संघाने केला की दोन्ही कागद आमदार-खासदारांना द्यायचे, कारण मतदान त्यांचं असतं. संघाची रीत अशी, की ठराव पुरुष मांडतात, अनुमोदन एखाद्या बाईचं घेतात, टाळ्या वाजतात आणि अध्यक्ष 'सर्वानुमते मंजूर' म्हणतात. गोदावरीबाई दिवंगत मेजर रेणुकादासांच्या पत्नी. या ठरावाला त्यांचंच नाव शोभणार, हे सगळ्यांनी परस्पर गृहीत धरलेलं.

अध्यक्ष हणमंतराव, कंधारकडचे बागायतदार, ठराव मांडून म्हणाले, "देशाला शिस्त लागंल बघा. जनरल सायेब खुर्चीत बसले की समदे सरळ. आता वैनी अनुमोदन देतील."

गोदावरीबाई उभ्या राहिल्या. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात नन्सनी ताठ उभं राहून, शब्द न खाता बोलायला शिकवलं होतं. अठ्ठ्याहत्तरीतही त्यात फरक पडला नव्हता.

"मी अनुमोदन देत नाही."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"वैनी, मस्करी करायलात का?"

"नाही. राष्ट्रपतीला न पटलेलं विधेयक परत पाठवता येतं, पुन्हा विचार करा म्हणता येतं. आमच्या मेजरांनी नोकरीभर वरून आलेला एकही हुकूम परत पाठवला नाही. फौजेत तेच बरोबर. पण जन्मभर 'होय साहेब' म्हणण्यात आणि ऐकण्यात गेलेला माणूस त्या खुर्चीत मला नको."

"म्हंजे जनरल सायेब वाईट?"

"समोर आले तर नमस्कार करीन. मत देणार नाही."

मागून शिवप्पा, निवृत्त तलाठी, म्हणाला, "मेजर सायेबांच्या आत्म्याला काय वाटंल?"

"स्वतःला काय वाटतं, हे ते हयात असतानाही मलाच विचारायचे."

बायकांच्या बाजूला हसू फुटलं. हणमंतराव विनवणीवर आले. "लातूरवाले हसतील आपल्याला. बरं, अनुमोदन ऱ्हाऊ द्या, नुस्तं गप बसा. पत्रिका छापलीय."

"छापण्याआधी विचारायचं होतं. विरोधात एक मत, माझ्या नावासकट लिहा."

"न्हाई लिहिलं तर?"

"तर मी इथेच बसते. हॉलला कुलूप तुम्हालाच लावायचंय."

आणि त्या बसल्या. चहा झाला, माणसं पांगली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी उठेनात. अखेर हणमंतरावांनी सचिवाला खूण केली. त्याने 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहिलं आणि खाली विरोध नोंदवला. गोदावरीबाईंनी चष्मा लावून वाचलं, मगच पायऱ्या उतरल्या.

दर सभेनंतर हणमंतराव त्यांना गाडीने घरी सोडत. आज गाडी त्यांच्या समोरून निघून गेली. त्या चालत घरी आल्या.

संध्याकाळी हणमंतरावांच्या सुनेचा, राजश्रीचा फोन आला. "काकू, मामंजी म्हणतात, पुढच्या सभेला घ्यायला येणार नाहीत."

"त्यांना सांग, मी त्यांच्या आधी पोचलेली असेन."

मग त्यांनी वही उघडली. सभेबद्दल लिहून झाल्यावर शेवटी लिहिलं, "मुगाची खिचडी केली. तूप संपलं, उद्या लोणी कढवायचं."