ब्रेकफास्टला कौल मिळाला नाही

लोकांच्या सहली आखायचा धंदा केला, की घरात किस्से साठत जातात. फुकट मिळालेल्या कॅलेंडरांसारखे. टाकवत नाहीत आणि लावायला भिंतही उरत नाही!

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या अलीकडे एका गल्लीत माझी खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, कुरकुरणारा प्रिंटर आणि कायम तापलेला फोन. पूर्वी मी मुंबईच्या एका टूर कंपनीत होते, बसभर माणसांच्या पुढे छत्री उंच धरून चालायचे. आता एकेका कुटुंबाला समोर बसवून विचारते, "तुम्हाला नक्की काय आवडतं?" हा प्रश्न आपल्याकडे कोणी कोणाला विचारत नाही, त्यामुळे सुरुवातीला लोक एकमेकांच्या तोंडाकडेच बघत बसतात.

माझ्या सासऱ्यांना हा धंदा अजून पटलेला नाही. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "सूनबाई काय करतात?" की ते सांगतात, "गाड्या तिच्या नाहीत, हॉटेल तिचं नाही, विमान तर नाहीच नाही. ती लोकांना कुठं जायचं ते सांगते आणि लोक जातात!" याहून नेमकी जाहिरात मला आजवर लिहिता आलेली नाही.

* * *

संगमेश्वरकडच्या एका गावातलं तीन भावांचं कुटुंब. धाकटा मुंबईत नोकरीला. त्याची हौस, सगळ्यांना सिंगापूर दाखवायचं. सगळं ठरलं, हॉटेलं ठरली आणि थोरल्या दादांचा फोन आला.

"मॅडम, जरा थांबा. देवान् कौल दिलान नाय."

आमच्याकडे मोठं काम काढलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी इथलीच, देवाशी वाद घालणार नव्हते. पण बुकिंग माझ्या गळ्यात अडकलं होतं, त्यामुळे जरा वैतागूनच म्हटलं, "दादा, देवाला अडचण नक्की कशाची आहे? विमानाची, हॉटेलची की सिंगापूरची?"

दादा म्हणाले, "ह्या बरोबर बोललात. आमीच मोघम विचारला."

दुसऱ्या दिवशी माझं पॅकेज देवळात नेऊन एकेक गोष्ट देवाला विचारण्यात आली. दुपारी देवळाच्या अंगणातूनच फोन आला. "इमान उजवा. हाटेल उजवा. ता पक्षी बघायचा हाय, ता पण उजवा. ब्रेकफास्ट डावा."

"ब्रेकफास्ट?"

"दोनदा लावला मॅडम. दोनदा डावा!"

मी हॉटेलला कळवलं, यांना नाश्ता नको. त्यांनी फार काळजीनं विचारलं, काही आजार आहे का, कारण काय? मी लिहिलं, "वरून आदेश आहे." कुटुंब सिंगापूरला गेलं, रोज सकाळी खोलीत घरचे पोहे भिजवून खाल्ले आणि खुशीत परत आलं. तेव्हापासून पॅकेज पक्कं करताना मी आधी विचारून घेते, कौल घेऊन झाला का?

* * *

पावसचे एक बागायतदार आहेत, आपण त्यांना भाऊ म्हणू. आंब्याचा हंगाम आटपला की भाऊंना कुठंतरी जायचं असतं, कारण हंगामात त्यांना कलमांखाली झोपायचीसुद्धा फुरसत नसते. गेल्या खेपेला थायलंड ठरलं. भाऊंची अट एकच.

"तिकडं मला कोणी आंबा खायला घालायचा नाय."

मी हॉटेलवाल्यांना आडून सुचवलं. पाहुणे आंब्याचे मोठे बागायतदार आहेत, जरा सांभाळून घ्या. त्यांनी काय करावं? एवढा मोठा माणूस येतोय म्हणून खोलीत आंब्याचं भलंमोठं ताट मांडून ठेवलं, वर ऑर्किडचं फूल! भाऊंनी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर पावसहून धीर द्यायला नातेवाइकांचे फोन सुरू. वहिनींनी मला कळवलं, "हे ताटाकडे पाठ करून बसलेत."

परत आल्यावर भाऊ माझ्या खोलीवर आले. मागे बघितलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तो आंबा खाल्ला मी. ही आंघोळीला गेली होती तेव्हा."

"मग? कसा होता?"

भाऊंनी पंख्याकडे बघितलं. "हापूसची सर नाय."

"ते आलंच हो. पण?"

"पण बरा होता गो! आणि हे बघ, मेलीस तरी कोणाला बोलू नको."

आता पावसला बागायतदार काय एकच आहे? त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही.

* * *

पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक, कांदासुद्धा न खाणारे. त्यांना मी दापोलीजवळ मुरुडला एका घरगुती मुक्कामावर ठेवलं होतं. संध्याकाळी हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा. फक्त बघायचा, असं मी दोनदा बजावलं होतं.

सर रुमाल नाकाला लावून उभे. शेजारी एक मावशी बांगड्यांची टोपली घेऊन बसलेली. तिनं कोणाला तरी भाव सांगितला आणि सरांच्या अंगात जन्मभराची सवय संचारली. त्यांना राहवेना!

"शेवटचं किती?"

मावशी थोडं खाली आली. सर म्हणाले, "छे छे, याच्या निम्मं." मावशीनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आकाशाकडे बघितलं, आणि म्हणाली, "घ्या काका. उचला!"

मला फोन आला. मागे गलका चाललेला. "मॅडम, मी जिंकलोय. आता काय करू?"

त्या संध्याकाळी मुरुडच्या त्या आळीत घरोघरी बांगडे तळले गेले. सर मात्र ओटीवर वरणभात खात बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोपली कितीला मिळाली ते सांगत होते.

* * *

माझा भरवशाचा ड्रायव्हर म्हणजे दिनेश. गाडी सुरेख चालवतो, पिऊन येत नाही, वेळ पाळतो. दोष एवढाच, की जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता त्याच्या कोणत्या ना कोणत्या नातेवाइकाच्या दारावरून जातो.

नागपूरच्या पाहुण्यांना त्यानं किल्ला दाखवला. त्यांनी परत जाऊन लिहिलं, "किल्ला ठीक. ड्रायव्हरच्या आत्याकडच्या घावण्यांसाठी पुन्हा येऊ."

मी दिनेशला फैलावर घेतलं. तो शांतपणे काच पुसत म्हणाला, "मॅडम, तुमीच लिवता ना, लोकल एक्सपिरियन्स? मग आत्येहून लोकल काय दाखवू मी त्यांना?"

हल्ली पॅकेजमध्ये आत्या असते.

* * *

आता भाटकर काकूंचं सांगते.

भाटकर काका जन्मभर बोटीवर होते, इंजिनात. सहा महिने म्हणून निघालेला माणूस नऊ महिन्यांनी उगवायचा. मुलांची बारशी, सासूचं दुखणं, घरावरची कौलं, सगळं काकूंनी एकटीनं पार पाडलं. काका निवृत्त होऊन घरी आले आणि डब्यांवर नावं चिकटवायला लागले. डाळीला फोडणी कधी द्यायची, यावरही त्यांचं मत असे.

एकदा दोघं माझ्याकडे आले. मी विचारलं, "काकू, कुठं जायचंय?"

काका म्हणाले, "सिंगापूर. बंदर चांगलं आहे."

"काकू, तुम्हाला काय आवडतं?"

काका म्हणाले, "तिचं काही नसतं हो."

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. हातात भाजीची पिशवी. खुर्चीत बसल्या नाहीत. "बाय गो, मला एकटीला जायचंय. आयुष्यात एकदा मी जाणार आणि हे मागं घरात राहाणार. जिथं समुद्र नाय तिथं पाठव." मी प्रिंटरचा कागद उगाचच काढून पुन्हा घातला.

काकांनी खूप समजावून बघितलं. वय काय, एकटी बाई, परका मुलूख. मग म्हणाले, "मी येतो बरोबर, तोंड उघडणार नाही." काकू एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला बोटीवर नेलं होतं?" तिथं तो विषय संपला.

मी राजस्थान आखलं. माहितीतली घरं, माहितीतला ड्रायव्हर. काकू निघाल्या आणि काकांचे फोन मला सुरू झाले. कुठं पोचली? हवा काय आहे? कुकरच्या शिट्ट्या किती? काकू त्यांचा फोन घेत नव्हत्या, मला मात्र फोटो पाठवत होत्या. उंटावर बसलेल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला फेटा! मी तो काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उंटाचा तोल बरोबर नाही." थोड्या वेळानं दुसरं आलं, "चष्मा कोणाचा?"

काकू जैसलमेरहून परत निघणार, त्याच्या आदल्या दिवशी काका माझ्या खोलीवर हजर. गाडीची वेळ विचारायला. ती त्यांना पाठ होती. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "सुरमई सांगून ठेवलीय. कालवण मीच करणार. तिखट तिच्या हिशेबानं घालीन, माझ्या नाही." आणि लाजल्यासारखे हसले. मला त्यांची खरंच दया आली.

तेवढ्यात फोन वाजला. काकू!

"बाय गो, माझं तिकीट पुढं ढकल. अजून आठ दिवस राहाते मी."

मी खुर्ची वळवली, आवाज खाली आणला. "अहो काकू, काका इथं समोर बसलेत! सुरमई सांगून ठेवलीय त्यांनी. त्यांना मी काय सांगू?"

पलीकडे वाळवंटातला वारा घोंघावत होता, कुठल्या तरी उंटाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"सांग त्यांना," काकू म्हणाल्या, "बोट लेट आहे."