भोलूची लाळ

“मॅडम, अंदर मत जाइए, पागल हो गया है!” कॉलनीचे सेक्रेटरी गुप्ताजी दारातच आडवे आले. मागे दोघे काठ्या घेऊन उभे. कुत्री पकडणारी गाडीही बोलावून झाली होती.

मी भोपाळमध्ये पाळीव प्राण्यांची डॉक्टर. बाग सेवनियातल्या या फ्लॅटमधला लॅब्रॅडोर भोलू माझाच पेशंट. तो गॅलरीत कोंडलेला होता. तोंडातून लाळेची धार, भुंकायला गेला तरी आवाज फुटत नव्हता. रेबीज झालेलं, म्हणजे पिसाळलेलं कुत्रं असंच दिसू शकतं.

“रेखाताई, यंदाची लस?”

भोलूच्या मालकीणबाईंनी मान खाली घातली. “राहिली हो. नागपूरला लग्न होतं, मग राहूनच गेली.”

चिडायला वेळ नव्हता. अशा तोंडात हात घालायचा नसतो, म्हणून आधी काचेतून बघत राहिले. रेबीजमध्ये बहुधा जबडा लुळा पडून लोंबतो. भोलू तोंड मिटत होता, पंजाने घासत होता. जीभ मात्र सुजून जाड झालेली.

“काही चावलं का त्याने?”

“छे, गॅलरीत काडीसुद्धा नाही.”

खरंच नव्हती. फरशी लखलखत होती.

“कधी झाडली?”

“तुम्हाला फोन केला आणि लगेच. डॉक्टर येणार, घर कसं दिसेल!”

मी कचऱ्याचा डबा पालथा केला. चहाच्या चोथ्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचे चावलेले तुकडे होते. डायफेनबेकिया, घरोघरी कुंडीत असतं ते शोभेचं झाड. त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चावलं की ते तोंडात घुसतात, जीभ सुजते, लाळ गळते, आवाज बसतो. फुटलेली कुंडी ताईंनी बाथरूममध्ये लपवली होती.

हातमोजे चढवून भोलूचं तोंड गार पाण्याने धुतलं, सुजेवर इंजेक्शन दिलं. घसा सुजला तर श्वास अडकतो, म्हणून तिथेच बसले.

खाली गाडी येऊन थांबली. गुप्ताजींनी विचारलं, “गारंटी है, मॅडम, कि पागल नहीं है?”

“गारंटी नहीं है। इसीलिए बैठी हूँ। गाड़ी वापस भेजिए।”

गाडी गेली. हळूहळू लाळ कमी झाली. भोलूने वाटीभर दही चाटलं आणि घोगऱ्या आवाजात गुप्ताजींवर भुंकला. तो आवाज ऐकून मला अक्षरशः रडू आलं.

लस चुकलेली, म्हणून थोडे दिवस त्याला क्लिनिकमध्ये वेगळं ठेवलं. ठणठणीत होऊन घरी गेला.

तेव्हापासून फोन आला की मी आधी एकच सांगते: डॉक्टर येईपर्यंत घर आवरू नका.