क्रूसासमोरचा ट्रॅकर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, इतका मला या विषयाचा कंटाळा. तरी हे लिहितेय...

मी मीरा रोडला, शांती नगरात राहते. काम उपग्रहांच्या डेटाचं, बहुतेक घरूनच. उपग्रह छोट्या गठ्ठ्यांत माहिती पाठवतो, त्याला आम्ही फ्रेम म्हणतो. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी तपासणीचा एक आकडा असतो. मधलं एक अक्षर जरी बिघडलं तरी तो जुळत नाही आणि फ्रेम सरळ केरात. हे नियम साऱ्या जगात एकच, म्हणून आमच्या उपग्रहाचं बोलणं परदेशातल्या स्टेशनलाही कळतं.

आमच्या कंपनीने मच्छीमारांसाठी ट्रॅकर काढला होता. बटण दाबलं की बोट कुठे आहे ते उपग्रहामार्फत आम्हाला समजणार. पहिला मी इथून जवळच्या, समुद्रकाठच्या चौक गावच्या अंतोन काकांना दिला. माझी मैत्रीण रोझी, तिचे हे वडील.

गेल्या हिवाळ्यात त्यांची बोट परतली नाही. रोझीचा फोन आला.

"बाबा अजून आला न्हाय गं. तुझा तो डबा काय बोलतोय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. दुपारी उपग्रह डोक्यावरून गेला, तेव्हाही काही नाही.

संध्याकाळच्या फेरीत मात्र काकांच्या ट्रॅकरचा नंबर आला. सोबत बोटीची जागा. तपासणीचा आकडा जुळलेला. मी रोझीला कळवलं, गावातल्या बोटी निघाल्या. काका इंजिन बंद पडून वाहत गेले होते... नेमके त्याच जागी सापडले, जिवंत. मी किचनमध्ये उभी राहून रडले.

रविवारी भेटायला गेले. "काका, बटण वेळेवर दाबलंत हां."

"कसलं बटण?" काका काकूंकडे बघायला लागले. "तो डबा तर घरीच हाय."

त्यांच्याकडे नवी वस्तू आधी क्रूसासमोर ठेवतात, मग बोटीवर नेतात. काकूंनी ठेवली, काका न्यायला विसरले. मी खोकं उघडलं. बॅटरीची प्लास्टिकची पट्टीसुद्धा कुणी ओढलेली नव्हती — म्हणजे तो ट्रॅकर एकदाही चालू झालेला नव्हता.

आमच्याच सिस्टिमचा घोळ असणार, म्हणून तपासायला बसले. पण तीच फ्रेम परदेशातल्या एका स्टेशननेही पकडली होती, अक्षरन् अक्षर तीच. तो नंबर दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकरला दिलेला नाही. रिपोर्टमध्ये मी "कारण सापडलं नाही" एवढंच लिहिलं. आजही तेवढंच लिहीन.

काकांना दुसरा ट्रॅकर पाठवलाय, तो पट्टी ओढूनच दिला. पहिला क्रूसासमोरच आहे. कंपनीने परत मागितला, तर हरवला म्हणून मी चक्क खोटं सांगितलं.