क्रेडलवरचा २१६

मालवाहू यानाचं चाचणी उड्डाण दुसऱ्यांदा पुढे गेलं ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी. बातमी दुपारी पावणेचारला डेस्कवर आली. ती दोन ओळींची होती: जमिनीवरच्या एका उपकरणाची तपासणी करायची असल्याने उड्डाण लांबणीवर टाकलं आहे, नवा दिवस नंतर कळवला जाईल. यान दक्षिणेतल्या एका खासगी कंपनीचं होतं. मी तेव्हा रायपूरच्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होते. बातमी आतल्या पानावर एका छोट्या चौकटीत लावली आणि संध्याकाळच्या गाडीने भिलाईला परतले.

रुआबांध्याच्या घरी बाबा अंगणात मेथीच्या वाफ्याला पाणी देत होते. मी बातमी सांगितली. त्यांनी नळ बंद केला.

"कोनतं उपकरन?"

"ते सांगितलं नाही."

"चाकावरचं का बिनाचाकाचं?"

"बाबा, दोनच ओळी आहेत."

"मंग थे माहंच आहे," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

बाबा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले वेल्डर. एकतीस वर्षं नोकरी केली. तिथे परीक्षा पास झालेल्या प्रत्येक वेल्डरला एक नंबर मिळतो. सांधा पूर्ण झाला, की शेजारी पोलादी पंच, म्हणजे आकड्यांचे ठसे, धरून हातोडीने तो नंबर ठोकायचा. पुढे कधी सांधा गळला किंवा तडकला, तर कोणाला बोलवायचं ते कळतं. बाबांचा नंबर २१६. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हेल्मेट, गेटपास आणि बूट परत केले. पंच परत करावे लागले नाहीत, कारण ते त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतले होते. बिस्किटाच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, ते कपाटात आईच्या शालींच्या खाली असतात. आईला ते तिथे आवडत नाहीत.

त्याआधीच्या पावसाळ्यात भिलाईजवळच्या रसमड्यातल्या एका वर्कशॉपच्या मालकाने बाबांना आणि आणखी तीन निवृत्त वेल्डरांना कामावर बोलावलं. काम एका क्रेडलचं होतं. क्रेडल म्हणजे ज्या लोखंडी चौकटीवर यान आडवं ठेवून जोडणीच्या हॉलमधून उड्डाणाच्या जागेपर्यंत नेतात ती. चार कमानी, मध्ये आडवे बीम, खाली चाकं. वर्कशॉपमध्ये सगळे त्याला पाळणा म्हणत. कंपनीची एक तरुण इंजिनीअर तीनदा येऊन गेली. ती बाबांना सर म्हणे. पहिल्या दिवशी घरी येऊन बाबांनी ते आईला दोनदा सांगितलं.

"एकतीस वर्षांत कोनी सर नाही म्हटलं."

"मी तं अजून बी नाही म्हनून राहिली," आई म्हणाली.

डिसेंबरात क्रेडल पिवळा रंग देऊन ट्रेलरवर चढलं. बाबा सकाळपासून तिथे थांबले होते. दोरखंड त्यांनी स्वतः तपासले, ड्रायव्हरला चहा पाजला आणि रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला ट्रेलर लागल्यावरच घरी आले.

जानेवारीत उड्डाणाचा दिवस जाहीर झाला आणि वाऱ्यामुळे पहिल्यांदा पुढे गेला. त्या संध्याकाळी बाबांनी कपाटातून जुनी डायरी काढली. कारखान्यात मिल थांबली, की डिले लिहितात: किती वाजता थांबली, किती मिनिटं, कारण काय आणि तो डिले कोणत्या विभागावर गेला. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल की ऑपरेशन. कोणालाच तो आपल्यावर नको असतो. शिफ्ट सुटल्यावर त्यावरून गेटपर्यंत भांडणं चालतात. बाबांनी त्याच पद्धतीने चार रकाने आखले आणि लिहिलं: वारा. विभागाच्या रकान्यात आडवी रेघ.

दुसऱ्या डिलेच्या दोन दिवस आधी, रविवारी, वर्कशॉपच्या मालकाने नव्या कामाचं ड्रॉइंग बाबांच्या फोनवर पाठवलं. तसंच आणखी एक क्रेडल करायचं होतं. ड्रॉइंग पहिलंच होतं, फक्त तारीख नवी. बाबा चष्मा लावून पाहत होते. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत टिपा होत्या.

"हे काय आहे, वाच बरं."

मी एकेक वाचून मराठीत सांगत गेले. सातव्या टिपेत लिहिलं होतं, की कोणत्याही भागावर पंच ठोकून नंबर टाकू नये. ओळख फक्त पेंटने लिहावी.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"कावून नाही टाकायचा?"

मी पुढचं वाक्य वाचलं. ठोक्याने पडलेल्या खळीपासून भेग सुरू होऊ शकते.

बाबांनी चष्मा काढला. पहिल्या ड्रॉइंगवरही ती टीप होती. त्यांनी ती वाचली नव्हती. ड्रॉइंगच्या रेषा, सांध्यांच्या खुणा, मापं हे सगळं ते एका नजरेत वाचतात. पण टिपा वाचणं हे कारखान्यात फोरमनचं काम होतं. रसमड्याला फोरमन नव्हता. आणि शेवटचा सांधा झाल्यावर, रंग देण्याच्या आदल्या दिवशी, बाबांनी घरून पंचांचा डबा नेऊन आतल्या आडव्या बीमवर २१६ ठोकला होता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

"वेल्ड करून नंबर नाही मारला असं कधी केलंच नाही मी," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. "पलांटात डोये जाळले तेवढं कमी होतं," ती म्हणाली. "आता आभाळात बी नंबर मारून आला हा मानूस."

बाबा हसले नाहीत.

म्हणून मंगळवारी, मेथीच्या वाफ्यापाशी, त्यांना माझी बातमी दोन ओळींची वाटली नाही. जेवणाआधी त्यांनी डायरीत दुसरा डिले लिहिला. कारण: उपकरण तपासणी. विभागाच्या रकान्यात त्यांनी २१६ लिहिलं.

बुधवारी माझी सुट्टी होती. आम्ही स्कूटरवरून रसमड्याला गेलो. मालक ऑफिसात होता. बाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मालकाने आधी दार लावून घेतलं.

"चाचा, पेंट के नीचे है न?"

"हाँ."

"तो किसको दिखेगा? आप चुप बैठिए. दूसरा ऑर्डर अभी पक्का नहीं हुआ है."

"सेठजी, यान उसी पे लेट के जाएगा."

"और ऑर्डर गया तो? आप चारों घर बैठेंगे."

बाकीच्या तिघांपैकी एकाच्या मुलीचं लग्न मेमध्ये होतं. ते आम्हाला माहीत होतं. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांसाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. बाबांनी चहा घेतला. कप ठेवताना म्हणाले, "मैं बता दूँगा. आपका नाम नहीं लूँगा, मेरा लूँगा."

"नाम की बात नहीं है, चाचा."

"नंबर मेरा है न," बाबा म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला एकदाच विचारलं, "तुले काय वाटते, मी येडा आहो का?" मी म्हटलं, नाही. स्कूटरच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी इंजिनीअरला पाठवायचा मजकूर हिंदीत लिहिला. दीड पान झालं. सुरुवात ते कारखान्यात रुजू झाले तिथून होती. मध्ये परीक्षेचा परिच्छेद होता, वेल्डर म्हणून मिळालेल्या बक्षिसाचा एक, आणि शेवटच्या तीन ओळींत झालेली गोष्ट. मी त्याच्या चार ओळी केल्या. कुठे ठोकला, कधी ठोकला, कोणत्या सांध्याजवळ, आणि चूक माझी आहे, वर्कशॉपची नाही. ड्रॉइंगच्या फोटोवर लाल गोल करून जागा दाखवली.

बाबांनी वाचलं. "माहा नंबर कुठं गेला?"

"चौथ्या ओळीत आहे."

"पहिल्या ओळीत पाह्यजे. तुमच्या पेपरात असंच लिवता का, मुख्य गोष्ट शेवटी?"

नंबर पहिल्या ओळीत घेतला. मजकूर दुपारी दीडला गेला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा सव्वातीनला आल्या. उत्तर आलं नाही.

गुरुवारी बाबांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि वर गुंडी लावली. जेवताना तो ताटाशेजारी होता. दुपारी बुद्ध विहारातले दोघे जण बैठकीसाठी बोलवायला आले, तर त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. आईने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर तिने बाबांच्या पुढ्यात फुटाण्यांची वाटी ठेवली.

"अवो, आपली पोरगी लिवते नं रोज पेपरात. मोठमोठे लोकं चुकतात, दुसऱ्या दिवशी छापते, चूक झाली म्हनून. संपलं," ती म्हणाली.

"चुकीनं कागद फाटत नाही नं," बाबा म्हणाले. "लोखंड फाटते."

शुक्रवारी दुपारी बाराला फोन आला. मी उशिराच्या पाळीवर जाणार होते, म्हणून घरीच होते. बाबांनी स्पीकर लावला आणि उभे राहिले. इंजिनीअरचं हिंदी अडखळत होतं, बाबांचंही.

तिने सांगितलं, की बुधवारीच त्या जागेचा रंग खरवडला. लाल रंगाचं द्रावण लावून भेगेची तपासणी केली. भेग नाही. त्या बीमवर भारही फार येत नाही. तरी नियम आहे म्हणून खळी ग्राइंडरने घासून सपाट केली आणि पुन्हा तपासली. क्रेडल ठीक आहे.

"तो उड्डाण..." बाबा म्हणाले.

"सर, वो तो ईंधन की लाइन का एक व्हॉल्व था. क्रेडल तो जाँच की लिस्ट में था ही नहीं."

बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग फोनकडे.

"घिस दिया, मतलब नंबर गया?"

"हाँ, सर."

"ठीक किया," बाबा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "ठीक किया."

"सर, पेंट से लिखने की इजाज़त है. हम लिख दें?"

"लिखिए. दो, एक, छह," बाबा म्हणाले. तिला नंबर माहीत होता.

फोन ठेवल्यावर ते डायरी घेऊन बसले. विभागाच्या रकान्यातल्या २१६ वर एक सरळ रेघ मारली, पट्टी धरून. वर लिहिलं: व्हॉल्व, मेकॅनिकल. आईने खांद्यावरून पाहिलं.

"मेकॅनिकल म्हन्जे तुमचाच विभाग नं?"

"हाव."

"मंग शेवटी तुमच्यावरच आला."

आता ते हसले. इतके हसले, की खोकला लागला आणि आईला पाणी आणावं लागलं. त्याच संध्याकाळी मालकाचा फोन आला. कंपनीने त्याला विचारलं होतं, की चौघेही तेच वेल्डर दुसऱ्या क्रेडलवर असतील का. त्याने होकार दिला होता. "चाचा, सोमवार से आइए," तो म्हणाला. "और वो डब्बा घर पे रखिए."

पुढच्या आठवड्यात उड्डाण तिसऱ्यांदा थांबलं. या वेळी उलटी मोजणी सुरू झाली होती. शेवटच्या काही मिनिटांत संगणकाने ती बंद केली. मी डेस्कवरून फोन करून सांगितलं.

"संगनक?" बाबा म्हणाले. "मंग इलेक्ट्रिकल." त्यांच्या आवाजात मेकॅनिकलच्या माणसाचं जुनं समाधान होतं.

यान त्यानंतरच्या शनिवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी उडालं. आम्ही तिघांनी ते टीव्हीवर पाहिलं. आईने कुकर गॅसवरून उतरवला, कारण शिटीत काही ऐकू येत नव्हतं. बाबा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाहत होते. क्रेडल दिसलं नाही. ते आधीच मागे नेलेलं असतं. डायरीत त्या दिवसाची नोंद आहे: ९.०४. डिले नाही.

दुसरं क्रेडल एप्रिलमध्ये रसमड्याहून निघालं. आतल्या आडव्या बीमवर पांढऱ्या पेंटने २१६ लिहिलेलं होतं, ब्रशने, बाबांच्या हाताने. ट्रेलर सुटायच्या आधी मी आत वाकून पाहिलं. रंग वाळलेला होता.