राणीसावरगावची पंगत

आमच्या शेजारचे जज्जसाहेब कोणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. रिटायर होऊन परभणीत राहायला आले तेव्हा मी संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर फाटकातच विचारलं, "तुमची कुठं केस चालू नाही ना?" मी म्हटलं, "नाही. आणि असली तरी ती आता तुमच्यापुढं येणार आहे का?" थोडं हसले. तिळगूळ मात्र हातातच राहिला.

सगळी नोकरी बाहेरच्या जिल्ह्यांत. बदली झाली की नवा बंगला, आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर एकट्यानं फिरणं. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठंच जायचं नाही. "आज ज्याच्या मांडवात जेवलो, तो उद्या समोर उभा राहिला तर?" बायको होती तोवर घरात बोलायला माणूस तरी होतं.

सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही ते गेले नव्हते. व्याह्यांच्या एका मित्राचा दावा त्यांच्या कोर्टात होता आणि तो मांडवात असणार होता. गावी, राणीसावरगावला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावानं ते मनाला लावून घेतलं. पुढं बोलावणंच बंद झालं.

मागच्या उन्हाळ्यात त्याच पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं. पुतण्या पत्रिका फाटकावरच देऊन गेला. साहेब ती घेऊन माझ्याकडं आले. जावं का, असं विचारत होते. मी गाडी काढली.

वाटेत त्यांनी बेत सांगितला. पंगतीत वाढायचं काम घरच्या पुरुषांचं. ते बुंदी वाढणार होते.

मांडवात त्यांनी बाह्या दुमडल्या आणि बुंदीची बादली उचलली. भाऊ वाकत वाकत आले, बादली हळूच काढून घेतली. आवाजात राग अजिबात नव्हता. "साहेब, तुमी बसा. वाढायला घरचे हायेत." मग त्यांना खुर्ची दिली. पाहुण्यांना देतात तशी टॉवेल-टोपीही दिली.

परतताना गंगाखेडचा पूल ओलांडला तेव्हा त्यांनी माझी पाण्याची बाटली मागितली. सगळं पाणी प्यायले.

"घरचे हायेत, असंच म्हणाला ना दादा?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"निकाल बरोबर आहे," म्हणाले, आणि झाकण घट्ट लावून बाटली परत दिली.