अलार्मवाली पिकअप आन् पोरीच्या गाद्या

हासा, आधीच हासून घ्या! कारन मी जे करून बसलो ना, ते सांगताना मंग मले मधात थांबता येत नाही.

मांगच्या साली पिकअप घेतली. पांढरी, नवीकोरी, आन् कंपनीचा अलार्म लागून आलेली. दरवाज्याले कोनी हात लावला का बोंबललीच समजा! परतवाड्यात असा मानूस राह्यला नसन, ज्याले मी रिमोट दाबून दाखवला नाही. शेजारचं कुत्रं बी मले पाहून पयाले लागलं होतं.

मंग रेनूचं लगन ठरलं. माही एकुलती एक पोरगी. आंदनाच्या गाद्या आपल्याच वावरातल्या कापसाच्या पायजेत, असं तिच्या मायनं ठरवलं. सगया सीझनभर बाईनं कचरा निवडून निवडून पांढराफेक कापूस बाजूले काढला. गाद्या भराले अकोटच्या करीमभाईकडे देल्ल्या. लगनाले चार दिवस राह्यले तवा मले आनाले धाडलं, आन् दारातच दम देल्ला, "गाद्या आल्या नाही तं तुमी बी येऊ नका."

"अवो, गाडीले सेन्सर हाय!" मी म्हनलं.

बाजाराचा दिवस. करीमभाईच्या गल्लीत गाडी शिरेना, म्हनून मैदानात लावली. एक गादी माह्या डोक्यावर, एक करीमभाईच्या. गादी अशी फुगलेली का दोन्हीकून नाकापर्यंत लोंबली. मले फक्त माह्या चपला दिसून राहिल्या होत्या, आन् मांगून येनाऱ्या करीमभाईले माह्या टाचा.

पांढरी गाडी आली. हौद्यात गाद्या टाकल्या, करीमभाईची हिरवी ताडपत्री झाकली, दोर आवयला आन् ऐटीत रिमोट दाबला. टुंई-टुंई!

करीमभाई म्हने, "गजूभाऊ, दरवाजे तं बंद झाले. पन हौदा खुल्लाच हाय ना! गादीले कोनी हात लावला तं अलार्म वाजन का?"

"करीमभाई, तुमी कापूस पिंजा! सेन्सरचं कंपनीवर सोडा. चाला, चाय पाजतो."

अर्धा कप झाला नसन, तं समोरून माही गाडी निघाली! हिरवी ताडपत्री फडफड करून राहिली, आन् गाडी चालली अकोला रोडनं! आन् अलार्म? चूप!

"चोर! चोर! पोरीच्या गाद्या चालल्या!"

रिमोट असा दाबला का अंगठा दुखाले लागला. मांगं मैदानात कोनाची तरी गाडी जोरात बोंबलाले लागली. "कोनाची हाय रे ते? बंद करा तिले!" असं उलटा मीच वरडलो आन् करीमभाईच्या स्कूटीवर बसलो. खोटं कायले सांगू, डोयात पानी आलं होतं. बाईनं येक येक बोंड निवडलं होतं हो!

पेट्रोल पंपावर गाठलं त्याले. दुपट्टा बांधलेला म्हातारा मानूस, निवांत चाकात हवा भरून राहिला होता.

"कोनाची गाडी घेऊन चालले?"

"माही."

"तुमची? मंग चाबी दाखवा!"

त्यानं चाबी दाखवली. मी माही दाखवली. तवा कुठं मी गाडीचा नंबर पाह्यला. माहा नव्हता! मंग म्हातारा हौद्याकडे पाहून मलेच इचारते, "भाऊ, मी तं ढोराईले ढेप न्याले चाललो होतो. ह्या गाद्या कोनाच्या?"

करीमभाई हासता हासता खालीच बसले.

बिचाऱ्यानं गाद्या मैदानात आनून देल्ल्या. तिथं पाहतो तं माही खरी गाडी आजूक बोंबलूनच राहिली, आन् तिच्याभोवती पन्नास मानसं! एक जन दरवाजा धरून उभा. मले म्हने, "भाऊ, चोर पयाला, पन तुमची गाडी वाचवली!"

वाचवली ना! हौद्यात एक कांदा बी नव्हता.

घरी काही सांगाचं नाही असं ठरवलं होतं. पन करीमभाईचा फोन माह्याआधी पोचला.

लगनाच्या दिवशी आंदन भराची वेळ आली. चौघं जन गादी उचलून उभे, आन् रेनूची माय मधात आडवी झाली. "थांबा! आधी तुमी रिमोट दाबा."

दाबला. लाइट लागले.

"आखीन एक डाव."

दाबला. मंग कुठं गाद्या चढल्या. रेनू रडता रडता हासाले लागली. तिले हासताना पाहून मले लय बरं वाटलं.

थो अलार्म चोरापासून सामान वाचवते का नाही, मले आजूक ठावं नाही बाप्पा. पन माह्यापासून मात्र वाचवते!